सात भांड्यांतला पालक

हॉस्पिटलात त्यांना सगळे वाफवाले म्हणायचे, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते नाव काही त्यांना सोडायला तयार नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. वॉर्डातून धुऊन आलेली भांडी, ट्रे, कात्र्या, चिमटे मोठ्या पोलादी पिंपात रचायचे, दार आवळायचं, एकशे एकवीस डिग्रीची वाफ सोडायची आणि वीस मिनिटं काट्याकडे बघत उभं राहायचं. त्या खोलीला वॉर्डाच्या बाजूने दार नव्हतं, नुसती खिडकी होती आणि खिडकीला दोन झडपा. एक उघडी असेल तोवर दुसरी उघडायची नाही, असा कडक नियम. बाहेरून कुणीतरी ट्रे ठेवणार, झडप लावणार, पावलं लांब गेली की मग वाफवाले आतली झडप उघडणार. चौतीस वर्षांत त्यांनी जेवढी भांडी पाहिली, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही माणसं पाहिली नाहीत. याबद्दल त्यांची काही तक्रार होती असंही नाही. माणसं उकळून निर्जंतुक करता येत नाहीत, हाच त्यांचा माणसांवरचा मुख्य आक्षेप होता.

लग्न करायचं राहून गेलं. बघू, करू म्हणता म्हणता वय निघून गेलं, आणि मग बघायलाही कुणी सांगेना. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी, एवढा त्यांचा संसार. घरी कुणी येत नसे. वर्षा-दोन वर्षांतून कधी बेल वाजलीच तर वाफवाले जागेवरून हलत नसत. वाजवणारा जाईपर्यंत थांबायचं आणि मग दार उघडून काही ठेवून गेलाय का ते बघायचं, ही त्यांची रीत. सवय हाडात मुरली की माणसाला तिचं काही वाटेनासं होतं.

ते निवृत्त झाले त्याच सुमाराला हॉस्पिटलाने एकदा वापरून फेकायची प्लॅस्टिकची भांडी आणली. जुनी सगळी, पांढऱ्या मुलाम्याची आणि निळ्या काठाची, भंगारात निघाली. वाफवाल्यांच्या पोटात तुटलं. एकेका भांड्याला त्यांनी हजार हजार वेळा वाफ दिली होती. कोठीवाल्याने म्हटलं, "हवं ते घेऊन जा, नाहीतरी किलोवरच जाणार आहे." त्यांनी शब्दशः घेतलं आणि टेम्पो भरून भांडी घरी आणली. किडनीच्या आकाराचे ट्रे, हात धुवायची घमेली, कापसाचे डबे आणि सात बेडपॅन. आणल्यावर प्रश्न पडला, आता यांचं करायचं काय? रिकामं भांडं नुसतं पडलेलं त्यांना बघवेना. म्हणून माती आणली.

पहिल्या वर्षी त्यांनी मातीलाही वाफ दिली. प्रेशर कुकरमध्ये, थोडी थोडी, वीस वीस मिनिटं, तीन तीनदा. रोपं उगवली आणि आठ दिवसांत पिवळीजर्द पडून आडवी झाली. नर्सरीवाला पोट धरून हसला. "अहो, माती आहे ती, ऑपरेशनची कात्री नव्हे. तिच्यात जीवजंतू असू द्या की जरा." वाफवाल्यांना हे पटायला एक हंगाम गेला. पण एकदा पटल्यावर त्यांनी कामात कसूर केली नाही. खिळा आणि हातोडीने प्रत्येक भांड्याच्या बुडाला पाच भोकं पाडली, मुलामा उडाला तिथे गंज चढू नये म्हणून रंग लावला, तळाला फुटक्या फरशीचे तुकडे घातले. कापलेल्या सलाइनच्या बाटल्यांत मिरच्या, ट्रेंमध्ये कोथिंबीर, घमेल्यांत टोमॅटो. पालकाला मात्र बेडपॅनसारखं भांडं नाही. रुंद, उथळ, आणि काठ आत वळलेला, त्यामुळे पाणी घातलं की सांडत नाही. सात पॅनमधून इतका पालक येऊ लागला की एका माणसाने खाऊन खाऊन खायचा तरी किती!

जास्तीचा पालक टाकवेना, म्हणून एका सकाळी त्यांनी जुडी पिशवीत घातली, शेजारच्या दाराच्या कडीला अडकवली आणि चोरपावलांनी घरात शिरले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. पिशवी धुऊन, घडी घालून त्यांच्या कडीला परत येई. ही देवघेव त्यांना फार सोयीची वाटली. चौथ्या खेपेला मात्र कडीला हात लावला आणि दारच उघडलं.

"चोर घरातलं घेऊन जातात हे ऐकलं होतं," शेजारीण म्हणाली, "पण भाजी ठेवून जाणारा चोर पहिल्यांदाच बघतेय."

तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत दोन टाचण्या. ती घरी शिवणकाम करी. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. वयाने यांच्याच बरोबरीची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्याआधी तीन वर्षं तो अंथरुणाला खिळून होता. हे वाफवाल्यांना माहीत होतं, जसं इमारतीत सगळ्यांना सगळं माहीत असतं तसं. तोंडाला येईल ते नातं लावून ते म्हणाले, "नाही वहिनी, म्हणजे जास्तीचा होता, म्हणून." वहिनी म्हणताना आपण कुणाला भाऊ केलं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्या नात्याने ती वहिनी होणार, त्या माणसाचा चेहरासुद्धा त्यांना नीट आठवत नव्हता.

"भाऊजी, एकटीपुरता स्वयंपाक मला अजून जमत नाही," ती म्हणाली. "सगळं उरतं. रविवारी साडेबाराला जेवायला या."

वाफवाल्यांची पाचावर धारण बसली. पण गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, हात तीनदा धुऊन गेले. शिवणाच्या टेबलावरच्या चिंध्या बाजूला सारून तिने दोन ताटं वाढली होती. त्यांच्याच पालकाची भाजी होती, भात होता. पहिला अर्धा तास दोघांच्या तोंडाला कुलूप. मग तिने एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, जी पोराचा गणवेश वाढत्या अंगाचा म्हणून इतका मोठा शिवून घेते की पोरगं शाळा सोडेपर्यंत त्यात मावत राहतं. वाफवाले हसले. आपण हसताना असा आवाज येतो, हे त्यांना नव्याने कळलं.

असे अकरा रविवार झाले. बाहेरून पाहणाऱ्याला यात काय मोठंसं! दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून जेवतात, बस. पण वाफवाल्यांचं सगळं आयुष्य आता त्या साडेबाराला टांगलेलं होतं. सोमवारी ते आठवून पाहायचे, गुरुवारपासून वाट बघायचे, शनिवारी शर्टाला इस्त्री करायचे. याआधीची इतकी वर्षं रविवारी आपण काय करत होतो, हे त्यांना आठवेना. आठवलं असतं तर रडू आलं असतं.

बाराव्या रविवारी ती म्हणाली, "इतके दिवस भाजी खातेय तुमची. उगवते कुठे ते तरी दाखवा."

वाफवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी गॅलरी धुतली, वाळकी पानं वेचली, भांड्यांचे निळे काठ फडक्याने पुसून काढले. ती आली. मिरच्यांना हात लावला, कोथिंबीर चुरगळून हुंगली, "अगंबाई, टोमॅटो केवढाले!" म्हणाली. मग भिंतीकडेच्या खालच्या रांगेपाशी आली आणि तिथेच थबकली.

"हे काय?"

"पालक."

"पालक दिसतोय मला. भांडं कसलं आहे?"

"बेडपॅन," वाफवाले अभिमानाने म्हणाले. "एवढं रुंद आणि उथळ भांडं बाजारात शोधून मिळायचं नाही."

तिने गॅलरीचा कठडा धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि उजव्या हाताने ती डावं मनगट चोळत होती. वाफवाल्यांनी ते पाहिलं आणि त्यातून जो अर्थ काढायचा तो नेमका उलटा काढला. त्यांना वाटलं, हिला घाण वाटली. मग काय, सुरू झाले. "तुम्ही अजिबात मनात आणू नका. एकशे एकवीस डिग्री, वीस मिनिटं, तीही माझ्या देखरेखीखाली. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यापेक्षा ही भांडी स्वच्छ आहेत. एक जंतू दाखवा, मी म्हणाल ते हरतो."

"भाऊजी, पुरे," ती म्हणाली. "तीन वर्षं मी…" आणि पुढे काही न बोलता निघून गेली.

तीन वर्षं अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या बायकोला बेडपॅन पाहून काय आठवत असेल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण वाफवाल्यांच्या डोक्यात तीच ती वाफ. पुढच्या रविवारी साडेबाराला ते तिच्या दारासमोर उभे राहिले. दार लोटलेलं नव्हतं, आतून बंद होतं. नेहमी ते त्यांच्यासाठी किलकिलं ठेवलेलं असे. ते परत आले आणि उभ्यानेच दोन बिस्किटं खाल्ली.

सोमवारी त्यांनी पुरावा द्यायचं ठरवलं. हॉस्पिटलातून आणलेली एक चिकटपट्टी त्यांच्याकडे होती. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात, आणि पुरेशी वाफ मिळाली तरच त्या काळ्या होतात. वॉर्डातल्या सिस्टर काळ्या रेघा पाहिल्याशिवाय ट्रे उघडत नसत. त्यांनी एका स्टीलच्या डब्यावर ती पट्टी लावली, डबा कुकरमध्ये घातला, रेघा काळ्याकुट्ट झाल्या. त्यात धुतलेला पालक भरून डबा शेजारच्या दाराशी ठेवला. संध्याकाळी तो त्यांच्या दाराशी परत आला होता. पालक आत होता तसाच, उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'ही भाजी बिस्किटांच्या डब्यात लावलेली आहे, त्या भांड्यांतली नाही', आणि एका जुन्या डब्यात लावून पाहिलेला थोडा पालक ठेवला. तोही परत.

मग मात्र त्यांनी हाय खाल्ली. बुधवारी सकाळी त्यांनी गॅलरीत बसकण मारली आणि सातही पॅन उपसायला घेतले. नकोच ती भांडी. पालक मुळांसकट काढून जुन्या डब्यांत लावला, माती घमेल्यात ओतली. शेवटचं भांडं रिकामं झालं ते त्यांनी हातात घेऊन पाहिलं. हजारदा हाताळलेली वस्तू. पण आजवर ती त्यांच्याकडे खिडकीतून आली होती. खिडकीपर्यंत ती कुणी आणली, कुठून आणली, कुणाच्या खालून काढली, हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

ते उठून आतल्या खोलीत गेले. पलंगाच्या उंचीला ते भांडं एका हाताने धरून उभे राहिले, दुसरा हात कुणाच्या तरी पाठीखाली असावा तसा वाकवून. भांडं रिकामं होतं, पलंगावर कुणी नव्हतं. तरी दोन मिनिटांत मनगट भरून आलं. दिवसातून पाच वेळा, तीन वर्षं. ते मटकन पलंगावर बसले.

आणि मग त्यांना ती संध्याकाळ आठवली. आठवली म्हणजे काय, विसरली कधी होती? सहा-साडेसहाची वेळ होती. ते कामावरून येऊन खुर्चीत बसले होते. दोन घरांमध्ये एकच भिंत. पलीकडे काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला, मग बाईचा आवाज, मग पुन्हा काहीतरी ओढल्यासारखं. थोड्या वेळाने यांची बेल वाजली. हे बसून राहिले. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा बटणावरचं बोट बराच वेळ निघालं नाही. हे श्वास रोखून बसून राहिले. पावलं गेल्यावर दार उघडून पाहिलं, काही ठेवलेलं नव्हतं, म्हणून लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी तो माणूस वारला. त्याही दिवशी हे कामावर गेले होते.

 स्वतःची इतकी किळस त्यांना उभ्या जन्मात कधी आली नव्हती.

चार वाजता त्यांनी शेजारची बेल वाजवली. आयुष्यात पहिल्यांदाच हात रिकामा होता, न भाजी, न डबा. तिने दार उघडलं.

"वहिनी, मला कळलंच नाही," ते म्हणाले. "मला वाटलं घाण वाटली तुम्हाला. फार चुकलं माझं."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग बाजूला झाली. "या. बसा."

तिने पाणी दिलं. मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा होता, तो सारखा करत म्हणाली, "घाण मला कधीच वाटली नाही हो. त्यांची घाण वाटून चाललं असतं का? ते भांडं दिसलं आणि माझं हे मनगट ठणकायला लागलं, बस. तीन वर्षं एकदम अंगावर आली. त्यातून तुमचं आपलं डिग्री आणि मिनिटं! वाटलं, एक डबा घ्यावा आणि तुमच्या डोक्यात घालावा."

"घालायचा होतात."

ती हसली. थोडंसंच, पण हसली. "परवा तो पट्टीवाला डबा पाहून खरं म्हणजे हसू आलं होतं मला. पण राग जायचा होता. जाऊ द्या आता. रविवारी या. पालक नका आणू इतक्यात, मिरच्या आणा."

वाफवाल्यांचा जीव भांड्यात पडला. रविवार परत मिळाला होता. डोळे भरून आले ते दिसू नयेत म्हणून त्यांनी पेल्यात तोंड खुपसलं. आता उठावं, बरं म्हणावं, आणि घरी जाऊन रविवारचा शर्ट काढून ठेवावा, एवढंच काम उरलं होतं.

"एक विचारू का?" ती म्हणाली. तिची बोटं पडद्याच्या काठावरून फिरत होती. "एकदा हे पलंगावरून घसरले. मी भांडं काढत होते, हात सुटला. जमिनीवर आडवे, आणि मला काही उचलवेनात. तुमची बेल वाजवली मी तीनदा. दीर कामावरून सुटून येईपर्यंत दीड तास यांचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसले होते. ते मला सारखं म्हणत होते, शेजारी जा, शेजारी जा, ते हॉस्पिटलातले आहेत. मी म्हटलं, ते ड्यूटीवर असतील." तिने वर पाहिलं. "ड्यूटीवरच होतात ना?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. चार वर्षं ती स्वतःला तेच सांगत आली होती, आणि त्याच भरवशावर तिने पहिल्या दिवशी दार उघडलं होतं. रविवार तिच्या त्या एका समजुतीवर उभा होता. तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिलाही ‘हो’ हवं आहे. वाफवाल्यांनी तोंड उघडलं. 'हो' ओठांपर्यंत आलंसुद्धा होतं. पण ती मनगट चोळत होती.

"नाही," ते म्हणाले. "घरात होतो."

"घरात?"

"खुर्चीत बसलो होतो."

"बेल ऐकलीत?"

"तिन्ही वेळा. आधीचा पडल्याचा आवाजही ऐकला होता."

तिने मनगट चोळणं थांबवलं. रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं, असं वाफवाल्यांना वाटलं. आपण का उठलो नाही ते सांगावं म्हणून त्यांनी शब्द शोधले, पण जे सापडले ते तिच्यासमोर उच्चारायची लाज वाटली. दोन झडपा आणि एक नियम, हे काय एखाद्या बाईला सांगायचं कारण झालं?

"बरं झालं सांगितलंत," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "आता निघा तुम्ही."

ते निघाले. मागे दार लागलं, जोरात नाही, नेहमीसारखंच.

रविवारी वाफवाल्यांनी सकाळीच मिरच्या खुडल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डब्यांतला पालक जागा बदलल्यामुळे मान टाकून बसला होता, त्यातली बरी पानं काढून भाजी केली, भात लावला. इस्त्रीचा शर्ट घातला आणि भिंतीला लागून असलेल्या खुर्चीत बसले. बरोबर साडेबाराला पलीकडे शिलाई मशीन सुरू झालं. रविवारी ती मशीनला हात लावत नसे. ते थांबेल म्हणून वाफवाले एक वाजेपर्यंत थांबले, दीड वाजेपर्यंत थांबले. मग उठले आणि एक ताट वाढून घेतलं.